बट्टी दोनदा का शिजते?

नवरात्र उठलं की आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर पट्ट्यात दुपारचं ऊन पुन्हा चटके द्यायला लागतं, आणि पहाटे मात्र चादर ओढून घ्यावीशी वाटते. मक्याची कणसं शेतातून खळ्यावर आलेली असतात. गंगाफळं ओसरीत मांडून ठेवलेली असतात. फराळाच्या कढया चढायच्या आत एखाद्या रविवारी घराघरांत वरण-बट्टीचा बेत ठरतो. बट्टी म्हणजे गहू-मक्याच्या जाड पिठाचे रोळे वाफवून, त्यांच्या फोडी करून तळायच्या आणि वरणाबरोबर खायच्या. लग्नाच्या पंगतीतली बट्टी सगळ्यांनी खाल्लेली असते, पण चार माणसांची बट्टी घरी करून बघण्यात वेगळीच मजा आहे, कारण भाजण्या-शिजवण्यामागचं बरंचसं विज्ञान त्या एका पदार्थात डोळ्यांसमोर घडतं.

सुरुवात गिरणीपासून करू. चार वाट्या गव्हाला एक वाटी मका, दोन्ही एकत्र, आणि दळणाऱ्याला सांगायचं, ‘बट्टीचं आहे.’ तो रवाळ दळून देतो. गव्हात दोन प्रथिनं असतात, ग्लूटेनिन आणि ग्लायाडिन. पाणी मिळून मळणं झालं की त्यांची लवचीक जाळी तयार होते, तिला ग्लूटेन म्हणतात. पोळीला ती हवीच, त्याशिवाय पोळी पातळ लाटता येणार नाही. बट्टीला मात्र ती जास्त झाली तर बट्टी चिवट होते. म्हणून पीठ जाड ठेवायचं, ग्लूटेन नसलेला मका त्यात घालायचा आणि वर अर्धी वाटी तेलाचं मोहन चांगलं चोळायचं. तेल पिठाच्या कणांना माखतं, त्यामुळे पाणी प्रथिनांपर्यंत सहजासहजी पोचत नाही आणि जाळी तुटक राहते. मोहन पुरेसं झालं की नाही हे आजी मूठ आवळून बघायची. मुटका वळला आणि बोटाने टोचल्यावर मोडला, तर झालं. मग ओवा, हळद, मीठ घालून घट्ट मळायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. जाड कणांच्या पोटात पाणी मुरायला तेवढा वेळ लागतोच.

आता मुख्य गोष्ट. बट्टीच्या आतल्या भागाला एक तापमान हवं असतं आणि बाहेरच्या भागाला दुसरं. आतला पिठूळपणा जायचा तर गव्हातल्या स्टार्चच्या कणांनी पाणी पिऊन फुगलं पाहिजे. ते साधारण 60 ते 65 अंश सेल्सिअसला होतं. बाहेरचा खरपूस तांबूस रंग आणि तो भाजका वास मात्र 140 अंशांच्या आसपास जोर धरतो. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखरा यांच्यात ती अभिक्रिया होते. लुई-कामिय माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. उघड्या भांड्यातलं पाणी 100 अंशांच्या वर जात नाही. त्यामुळे बट्टी कितीही वेळ उकडली तरी तांबूस होणार नाही. उलट कच्चा गोळा थेट कढईत सोडला तर बाहेरून करपेल आणि आत पीठच राहील.

यावर उपाय म्हणजे बट्टी दोनदा शिजवायची. पिठाचे लांबट रोळे करून इडलीपात्रात चाळणीवर ठेवायचे. वाफेची ताकद कमी समजू नका. एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे 540 कॅलरी उष्णता बाहेर पडते, आणि एक ग्रॅम उकळतं पाणी 30 अंशांपर्यंत निवताना फक्त 70. म्हणून तर कुकरच्या वाफेचा चटका इतका जिव्हारी लागतो, आणि म्हणूनच झाकण काढायचं काम मुलांना देऊ नये. दोन इंच जाडीच्या रोळ्याला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. तोच रोळा दुप्पट जाड केला तर वेळ दुप्पट नाही, जवळजवळ चौपट लागतो, कारण उष्णता पिठातून कणाकणाने आत सरकते. घाईत जाड रोळे केलेल्या सुगरणींचीही बट्टी मधे कच्ची राहते ती याच कारणाने.

रोळे निवले की सुरीने फोडी करायच्या. पंगतीत या फोडी तळतात. तळताना जे बुडबुडे उसळतात ती फोडीतल्या पाण्याची वाफ असते, आणि ती बाहेर पडत असते तोवर तेलाला आत शिरायला फारशी जागा मिळत नाही. तेल खरं शोषलं जातं ते फोड बाहेर काढल्यावर. ती निवते, आतली वाफ आटते आणि वर माखलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून फोडी काढल्याबरोबर झाऱ्यावर नीट निथळायच्या. घरात लहान मुलं मदतीला असतील तर मी ओव्हनच सुचवेन. वाफवलेल्या फोडींना तूप चोळायचं काम मुलांना आवडतं. मग 200 अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं, मधे एकदा उलटून. कवच तळलेल्याइतकं एकसारखं होत नाही, पण कडा जास्त कुरकुरीत होतात, आणि मला त्याच आवडतात.

शेतात गोवऱ्यांच्या आरावर भाजलेली बट्टी ज्यांनी खाल्लीय ते विचारतील, तिथे कुठे वाफवतात? तिथे हे काम राख करते. राखेतून उष्णता सावकाश सरकते, त्यामुळे गरम राखेत पुरलेल्या गोळ्याला आतून शिजायला निवांत वेळ मिळतो आणि तेवढ्यात कवचही भाजून होतं. वर माळव्यात बाफले, म्हणजे तिकडची बट्टी, आधी उकडतात आणि मग भाजतात. म्हणजे हीच युक्ती.

गेल्या वर्षी माझ्या लेकीने पहिल्यांदा बट्टीचं पीठ मळलं. हलकी व्हावी म्हणून तिने चमचाभर खायचा सोडा जास्त टाकला. झाकण उघडलं तर पिवळ्या रोळ्यांवर लालभडक ठिपके! ती घाबरली. हळदीतलं कुरक्युमिन अल्कलीत लाल होतं, आणि सोडा तापला की कार्बन डायऑक्साइड सोडून जास्त तीव्र अल्कली बनतो. तिला एका ठिपक्यावर लिंबू पिळायला सांगितलं. लाल ठिपका तिच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला. मग उरलेल्या सगळ्या ठिपक्यांवर तिने लिंबू पिळलं. सोडा घालायचाच तर चिमूटभर, आणि सोबत दोन चमचे दही.

वरणाचं थोडक्यात. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही ही तक्रार खरी आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशी सांधणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं. प्यायचं गोडं पाणी वापरा, आणि चिंच डाळ पूर्ण शिजल्यावरच घाला, कारण आंबटपणानेही डाळ टणक राहते.

उरलेली बट्टी फ्रिजमध्ये ठेवली की दगड होते. ती वाळते म्हणून नव्हे. फुगलेल्या स्टार्चचे रेणू थंडीत पुन्हा एकमेकांना चिकटून रांगा लावतात, आणि फ्रिजच्या तापमानाला ते सगळ्यात झपाट्याने होतं. त्यावर पाण्याचा हबका मारून पाच मिनिटं वाफ दिली की रांगा सुटतात आणि बट्टी मऊ पडते. मग ती हाताने चुरायची, कांदा-मिरचीच्या फोडणीवर शेंगदाणे घालून परतायची. सोमवारच्या डब्यात आमच्याकडे तीच असते.