फोनचे पैसे फिटले, तरी बिल तेवढंच

मोबाइल कंपनी सोडून जातो म्हटलं की सवलतींचा पाऊस पडतो. वर्षानुवर्षे निमूट बिल भरणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही. जगभरच्या या तक्रारीचं मूळ हँडसेटच्या किमतीत आहे.

मोटोरोलाचा 'डायनाटॅक' १९८४ साली बाजारात आला तेव्हा त्याची किंमत ३,९९५ डॉलर होती. एवढी रक्कम रोख मोजणारे विरळाच. त्यामुळे पुढे अनेक देशांत एक रीत पडली: फोनची बरीचशी किंमत कंपनीने सोसायची आणि मासिक बिलातून हळूहळू वसूल करायची. वसुली होईतो ग्राहकाने पळू नये म्हणून करार, करार मोडल्यास दंड आणि दुसऱ्या कंपनीचं सिम चालू नये म्हणून फोनला लॉक.

व्यवहार म्हणून यात गैर काही नव्हतं. मेख बिलात होती. फोनचा हप्ता आणि कॉल-डेटाचे पैसे एकाच आकड्यात मिसळलेले. त्यामुळे २४ महिन्यांत फोनचे पैसे फिटले, तरी पंचविसाव्या महिन्यात खात्यातून तेवढीच रक्कम वळती होई. मग नवा फोन 'फुकट' वाटणारच. तो न घेणाराही त्याचे पैसे भरतच होता. २००८ साली आयफोन ३जी १९९ डॉलरना मिळाला, तोही दोन वर्षांच्या कराराच्या जोरावर.

दुसरी बेडी नंबरची. कंपनी सोडली की नंबर गेला, म्हणून लोक सोडत नसत. नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय सिंगापूरने १९९७ मध्ये सुरू केली. अमेरिकेत ती २००३ मध्ये आली, भारतभर जानेवारी २०११ मध्ये. मात्र अनेक कंपन्यांनी यातूनही वाट काढली. सोडतो म्हणणाऱ्याचा कॉल खास विभागाकडे जातो आणि जाहिरातीत कुठेच नसलेला प्लॅन पुढे येतो. म्हणजे स्वस्त दर होताच, फक्त भांडणाऱ्यासाठी राखून ठेवलेला.

अमेरिकेत टी-मोबाइलने २०१३ मध्ये वार्षिक करार मोडीत काढून फोनचा हप्ता बिलात वेगळा दाखवायला सुरुवात केली. इतरांनाही मागोमाग यावं लागलं. हा खरा सुधार होता, पण फार टिकला नाही. आता तिथल्या मोठ्या कंपन्या फोनवरची सूट २४ ते ३६ महिन्यांत विभागून दर बिलात थोडी थोडी देतात. मध्येच सोडलं की उरलेली सूट बुडते आणि फोनची बाकी एकदम भरावी लागते. दंड हा शब्द तेवढा गेला!

ब्रिटनमध्ये 'सिटिझन्स अॅडव्हाइस' या संस्थेने २०१८ मध्ये मोबाइलसह पाच क्षेत्रांतल्या या 'निष्ठेच्या दंडा'विरुद्ध, म्हणजे जुन्या ग्राहकाकडून जास्त पैसे घेण्याविरुद्ध, स्पर्धा नियामकाकडे तक्रार नेली. ग्राहकांना वर्षाला सुमारे ४ अब्ज पौंडांचा भुर्दंड पडतो, असा तिचा अंदाज होता. त्यानंतर फेब्रुवारी २०२० पासून करार संपत आल्याचं ग्राहकाला कळवणं तिथल्या कंपन्यांना बंधनकारक झालं. जपानने २०१९ मध्ये करार मोडण्याचा दंड ९,५०० येनवरून १,००० येनवर आणला.

तोवर ब्रिटनमधल्या कंपन्या कराराच्या मध्यावरच महागाई दराप्रमाणे बिल वाढवू लागल्या होत्या. जानेवारी २०२५ पासून अशी वाढ नेमकी किती पौंड-पेन्सची, हे करार करतानाच सांगावं लागतं. हा नियम नव्या करारांपुरता आहे. आधी सही केलेल्यांना जुनीच अट लागू.