दोन नद्यांच्या कड्यावरचं तहानलेलं गाव

फ्रान्सच्या दक्षिणेला एरो जिल्ह्यात मिनेर्व नावाचं गाव आहे. वस्ती शंभर-सव्वाशे माणसांची. सेस आणि ब्रियां या दोन नद्यांच्या संगमावर दगडाचं एक लांबट नाकाड पुढे आलंय, त्यावर हे गाव बसलंय. भोवती सरळ तुटलेले कडे, खाली खोल घळी आणि आत यायला जमिनीची एकच चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर पूर्वी किल्ला होता. आज त्याच्या आठकोनी बुरुजाचा उंच, बारीक तुकडा तेवढा उभा आहे. लोक त्याला ‘कांदेला’ म्हणतात, म्हणजे मेणबत्ती.

किल्ल्याला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. तरीही दोन नद्यांच्या काठचं हे गाव १२१० साली पडलं ते पाण्यावाचून. त्याचं कारण शोधायला आधी खडकाकडे जायला हवं.

हा खडक चुनखडीचा. त्याचा तुकडा जवळून पाहिला तर तांदळाच्या दाण्यांसारखे, दोन्ही टोकांना निमुळते कण दिसतात. ही अल्व्हिओलिनाची कवचं. अल्व्हिओलिना हा उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी राहणारा एकपेशीय जीव. पेशी एकच, पण कवच काही मिलिमीटर लांब आणि आत कप्प्यांची गुंडाळीवर गुंडाळी. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. असे अगणित जीव मेले, त्यांची कवचं चुन्याच्या गाळात दबत गेली आणि त्यातून हा कडा तयार झाला. एका गावाचं ओझं पेलणारा कडा एवढ्याशा कवचांनी भरलेला आहे, याचं मला अजून नवल वाटतं.

चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. पावसाचं पाणी हवेतून, आणि त्याहून जास्त मातीतून, कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. सोड्याच्या बाटलीत असतं तेच हे आम्ल, फक्त फार सौम्य. त्याची चुनखडीशी गाठ पडली की दगडाचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं आणि ते पाण्यासोबत निघून जातं. भेग रुंदावते, म्हणून जास्त पाणी शिरतं. जास्त पाणी शिरतं, म्हणून भेग आणखी रुंदावते. हजारो वर्षं हे चालू राहिलं की डोंगराच्या पोटात वाटा तयार होतात.

मिनेर्वला हे उघड्यावर पाहायला मिळतं. सेस पूर्वी गावाजवळ मोठी वळणं घेत वाहायची. वळणाच्या आतल्या बाजूच्या खडकातून तिचं पाणी आडवाटेने पलीकडे झिरपू लागलं. भेगांच्या नळ्या झाल्या, नळ्यांचे बोगदे झाले आणि शेवटी अख्खी नदीच जुनं वळण सोडून बोगद्यातून वाहू लागली. असे दोन बोगदे आहेत, त्यांना थोरला पूल आणि धाकटा पूल म्हणतात. थोरला दोनशे मीटरांहून लांब, धाकटा शंभराच्या थोडा वर. उन्हाळ्यात त्यांतून पाय न भिजवता चालत जाता येतं, कारण तेव्हा सेसचं पाणी गावाच्या वरच्या अंगालाच खडकात मुरतं आणि जमिनीखालून पुढे जातं. पात्रात उरतात ते गोटे.

आता १२१० च्या जूनमध्ये येऊ. या भागात काथार पंथाचे लोक होते. ते स्वतःला ख्रिस्तीच मानत, पण रोमच्या चर्चचा अधिकार मानत नसत. पोप तिसऱ्या इनोसंटने त्यांच्याविरुद्ध धर्मयुद्ध पुकारलं होतं. आदल्या जुलैत बेझिए शहरात मोठी कत्तल झाली होती आणि अनेक काथार मिनेर्वच्या आश्रयाला आले होते. सेनापती सिमों द मोंफोरने गावाला वेढा घातला आणि घळींच्या पलीकडे दगडफेकीची यंत्रं उभारली. त्यांतल्या सर्वांत मोठ्या यंत्राचं नाव होतं मालव्वाझीन, म्हणजे ‘वाईट शेजारीण’.

गावाची सारी भिस्त कड्याच्या पायथ्याच्या एका विहिरीवर होती. तिथवर भिंतींआडची झाकलेली वाट जात होती. मालव्वाझीनच्या धोंड्यांनी ती वाटच फोडली. एका रात्री गावातले काही जण गुपचूप बाहेर पडले आणि चरबी, सुकं लाकूड, तागाचे तुसे भरलेल्या टोपल्या यंत्राला अडकवून त्यांनी आग लावली. यंत्रावरचा एक माणूस लघवीला उठला होता, त्याने ज्वाळा पाहिल्या आणि भाल्याचा घाव बसला तरी आरडाओरडा केला. आग विझली. मालव्वाझीन पुन्हा सुरू झाली.

ऐन उन्हाळा, भरलेलं गाव आणि तुटलेली विहीर. जुलैत गावाने शरणागती पत्करली. पंथ सोडेल त्याला जीवदान, असं ठरलं. सगळे खोटंच कबूल करून निसटतील, अशी शंका एका सरदाराने काढली, तेव्हा मठाधिपती आर्नो आमालरिक म्हणाला की काळजी नको, फार थोडे बदलतील. त्याचं खरं ठरलं. सुमारे १४० स्त्री-पुरुषांना जिवंत जाळण्यात आलं. तीन बायका तेवढ्या वाचल्या.

ज्या खडकाने गावाला तट दिला, त्यानेच उन्हाळ्यात पाणी आपल्या पोटात ओढून घेतलं. वेढा पावसाळी महिन्यांत पडला असता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आज पलीकडच्या कड्यावर मालव्वाझीनची लाकडी प्रतिकृती उभी आहे. भोवतालच्या द्राक्षमळ्यांच्या वाइनला १९८५ पासून मिनेर्व्वा हे अधिकृत नाव आहे, गावावरूनच पडलेलं. चर्चमध्ये ४५६ सालचा संगमरवरी वेदीचा दगड आहे, त्यावर नारबॉनचा बिशप रुस्तिक याचं नाव कोरलंय. चर्चजवळच एका शिळेत कबुतर कोरलंय. ते आरपार आहे; दगड काढून टाकला, त्या पोकळीचं कबुतर झालं. कड्याखालच्या त्या विहिरीलाही रुस्तिकचंच नाव आहे.