पॅप-ए कमी म्हणजे कळा लवकर येणार?

गरोदरपणातला डबल मार्कर काय असतो हे आता पुण्यात नव्याने सांगायला नको. ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या काळात रक्ततपासणी, जोडीला एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागच्या द्रवाचं सोनोग्राफीवरचं माप), आणि डाउन सिंड्रोमच्या जोखमीचा आकडा. घोळ होतो तो त्याच रिपोर्टातल्या पॅप-ए या प्रथिनाच्या ओळीवर. जोखीम ‘लो’ असते, पण पॅप-ए ०.३५ एमओएम, म्हणजे तितक्याच दिवसांच्या गरोदर बायकांमधल्या मध्यम पातळीच्या ०.३५ पट, दिसतो आणि कोथरूड असो की हडपसर, घरात निकाल लागतो: “बाळ लवकर होणार, आता झोपून राहा.”

पाहायचा तो एमओएमच. वजन आणि नेमके दिवस हिशोबात धरून काढलेला असतो तो. त्याच्याशेजारचा कच्चा आकडा मैत्रिणीच्या रिपोर्टाशी ताडून पाहण्यात काहीच अर्थ नाही.

आता मुख्य मुद्दा. ३७ आठवड्यांआधीची प्रसूती दोन वेगळ्या वाटांनी होते. ढोबळमानाने दोन-तृतीयांश बायकांना आपोआप कळा सुरू होतात किंवा पाणी जातं. उरलेल्यांची प्रसूती डॉक्टरांना मुद्दाम लवकर करावी लागते, कारण बीपी चढलेलं असतं किंवा बाळाची वाढ खुंटलेली असते. पॅप-ए तयार होतो वारेत. तो ०.४ च्या खाली असेल तर वार नीट रुजली नसावी अशी शंका येते, म्हणजे त्याचा रोख मुख्यतः दुसऱ्या वाटेकडे. पीएलजीएफ या वारेतल्याच दुसऱ्या प्रथिनाचंही तेच. आपोआप येणाऱ्या कळांचा अंदाज या दोघांवरून बांधणं म्हणजे विजेच्या मीटरवरून नळाला पाणी कधी येईल ते सांगणं. आणि पॅप-ए कमी असलेल्या बहुतेक जणींची प्रसूती वेळेवरच होते, हे कोणी सांगत नाही.

हा फरक औषधात उतरतो. बीपी, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी), पीएलजीएफ आणि आधीचा इतिहास एकत्र धरून प्रीएक्लॅम्पसियाची (गरोदरपणात बीपी चढण्याच्या आजाराची) जोखीम जास्त निघाली, तर डॉक्टर रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन देतात. ते १६ आठवड्यांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि ३६ आठवड्यांपर्यंत चालतं. २०१७ च्या ‘अ‍ॅस्प्रे’ चाचणीत ३७ आठवड्यांआधीच्या प्रीएक्लॅम्पसियाचं प्रमाण त्याने ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आलं. पुढे बाळाच्या वाढीचे स्कॅनही वाढवतात. नुसत्या कमी पॅप-एवर दुकानातून गोळी आणून स्वतःच सुरू करू नये.

आपोआप येणाऱ्या कळांची भीती असेल, विशेषतः आधीचं बाळ लवकर झालं असेल, तर रक्त सोडा आणि गर्भाशयाच्या मुखाची लांबी मोजून घ्या. अ‍ॅनॉमली स्कॅनच्या (बाळातले दोष पाहणाऱ्या सोनोग्राफीच्या) वेळीच, योनीमार्गातून, लघवीला जाऊन आल्यावर. मूत्राशय भरलेलं असताना पोटावरून घेतलेलं माप फसवं लांब येतं, तरीही तेच रिपोर्टात छापून येतं, याचा वैताग आहे. लांबी २५ मिलिमीटर किंवा कमी असेल तर योनीमार्गातून प्रोजेस्टेरॉन, काही जणींना गर्भाशयाच्या मुखाला टाका.

आणि झोपून राहणं? त्याने दोन्हीकडे प्रसूती लांबल्याचा पुरावा नाही; पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका मात्र वाढतो.