पारा ४५ वर असताना लॅपटॉप, टीव्ही आणि गाडी

एप्रिल अर्धा सरला, जळगाव-भुसावळकडे पारा ४३-४४ ला टेकला, की दुरुस्तीच्या दुकानांत त्याच त्या तक्रारी येऊ लागतात. गेम अर्ध्या तासानंतर अडकत चालतो. मोबाईल चार्जिंगला लावला तरी टक्का हलत नाही. टीव्ही सुरू होताना दोन-तीनदा लुकलुकतो. गाडीचा एसी रस्त्यावर ठीक चालतो, पण फाटकापाशी थांबलं की कोमट हवा फेकतो. या सगळ्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. प्रत्येक यंत्र चालताना उष्णता तयार करतं आणि ती आपल्याहून थंड असलेल्या हवेत टाकतं. मे महिन्यात खान्देशात ती थंड हवाच मिळत नाही.

हिशेब साधा आहे. पंखा लावून प्रोसेसर खोलीच्या तापमानाखाली कधीच जात नाही. ठरावीक कामाला प्रोसेसर खोलीपेक्षा ठरावीक अंशांनीच वर राहतो. समजा एखाद्या गेमिंग लॅपटॉपमध्ये हा फरक ५० अंशांचा आहे. एसीच्या २५ अंशांच्या खोलीत तो प्रोसेसर ७५ वर चालेल. रावेरच्या पत्र्याच्या घरात दुपारी खोलीच ४२ वर असेल, तर तोच प्रोसेसर तोच गेम खेळताना ९२ वर जाईल. लॅपटॉपच्या प्रोसेसरची मर्यादा साधारण ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान असते. ती जवळ आली की चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. गेम अडकतो तो इथे. त्यात व्हायरस नसतो आणि गेमच्या अपडेटचाही दोष नसतो.

म्हणून फॉरमॅट मारण्याआधी एक तपासणी करावी. एचडब्ल्यूइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर चालू ठेवून वीस मिनिटं गेम खेळा. मग प्रोसेसरचं तापमान आणि वेग, हे दोन आकडे पाहा. तापमान ९५ च्या वर आणि वेग बॉक्सवर लिहिलेल्या मूळ वेगाच्याही खाली घसरलेला दिसला, तर दोष उष्णतेचा. तापमान ७०-७५ वरच आहे आणि तरीही गेम अडकतोय, तर रॅम भरली आहे का, मागे अँटीव्हायरसचं स्कॅन चाललंय का, ऑनलाइन गेम असेल तर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) किती आहे, हे बघा. अशा लॅपटॉपला कूलिंग पॅड घेऊन दिला तर फक्त पैसे जातात. तसंही रंगीत दिव्यांचे स्वस्त कूलिंग पॅड हा बराचसा देखावाच असतो. लॅपटॉपची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून खालच्या जाळीला हवा मोकळी करून दिली, तर बराच फायदा फुकटात मिळतो.

आपल्याकडे धुळीच्या जोडीला कापसाचा तंतू असतो. जिनिंगच्या परिसरात, आणि कापूस घरात साठवून ठेवला असेल त्या घरांतही, हा तंतू लॅपटॉपच्या पंख्यातून आत ओढला जातो आणि तांब्या-अॅल्युमिनियमच्या बारीक पात्यांसमोर येऊन अडकतो. तंतूंवर धूळ बसत जाते आणि काही महिन्यांत नमद्यासारखा थर तयार होतो. हा थर पंखा आणि पाती यांच्या मध्ये असतो, बाहेरून दिसत नाही. बाहेरून ब्लोअर मारला तर तो निघत नाही, उलट पंख्यात ढकलला जातो.

तो काढायचा तर खालचं झाकण उघडावं लागतं. चार्जर काढा, मशीन पूर्ण बंद करा, उघडल्यावर पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर सोडवा आणि मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून कागदावर झाकणाचं चित्र काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी ठेवत जा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला की कीबोर्डच्या बाजूनं उमटतो. पंख्याचं पातं बोटानं किंवा टूथपिकनं अडवून धरूनच हवा मारा. मोकळा पंखा ब्लोअरनं भन्नाट फिरवला तर त्याचं बेअरिंग जातं, आणि फिरता पंखा जनित्रासारखा उलटा व्होल्टेजही तयार करतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नेऊ नका, त्यानं स्थिर वीज तयार होते.

तीन-चार वर्षं जुना लॅपटॉप असेल तर थर्मल पेस्टही, म्हणजे चिप आणि तिच्यावर बसवलेलं तांबं यांच्या मधला लेपही, बदलून घ्यावी. चिपचा आणि तांब्याचा पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसतो, पण त्यांच्या मध्ये सूक्ष्म फटी असतात आणि फटींत हवा असते. उष्णता वाहून नेण्याची हवेची क्षमता ०.०२६ (वॉट प्रति मीटर-केल्विन) एवढीच आहे, चांगल्या पेस्टची ५ ते ८, आणि तांब्याची सुमारे ४००. पेस्टचं काम फक्त फटीतली हवा हटवणं. त्यामुळे ती जास्त लावून उपयोग नाही. जाड थर स्वतःच अडसर होतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून मसुराच्या एक-दोन दाण्यांएवढी नवी ठेवा आणि स्क्रू तिरक्या क्रमानं, थोडे-थोडे करून आवळा. शेजारच्या चिपांवर मऊ पॅड असतात, ते फाटले तर त्याच जाडीचे आणा. दीड मिलिमीटरच्या जागी एक मिलिमीटरचा बसवला तर मध्ये फट राहते आणि ग्राफिक्सची मेमरी तापते.

आता कूलर. कॉम्प्युटरला कूलरची हवा बाधते असं सर्रास म्हटलं जातं, पण मे महिन्यात ते तितकंसं खरं नाही. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर पाण्याच्या बाष्पीभवनानं हवा जास्तीत जास्त सुमारे २३ अंशांपर्यंत थंड होऊ शकते. घरचा कूलर पूर्ण कार्यक्षम नसतो, तरी २८ च्या आसपासची हवा देतो. खोली जितकी उतरली तितकाच प्रोसेसरही उतरतो. कूलर बाधतो तो थेंबांनी. पॅडचं गवत फाटलं असेल किंवा पंप जास्त पाणी सोडत असेल तर बारीक तुषार हवेबरोबर येतात. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातले क्षार बोर्डावर पांढरे बसतात, ओलावा धरतात आणि तांब्याच्या रेषा खातात. म्हणून कूलर थेट समोर नको. पाच-सहा फूट अंतर ठेवा आणि दाराजवळची एक खिडकी उघडी ठेवा, म्हणजे दमट हवा बाहेर निघेल. जूनच्या शेवटी पाऊस लागला की पाण्याचा पंप बंद करा. ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत कूलर फार तर तीन अंश उतरवेल आणि खोली मात्र चिकट करेल.

खेळायची वेळही महत्त्वाची आहे. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता आत पोहोचायला काही तास लागतात. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या खोलीचं छत संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान सगळ्यात जास्त झळा टाकतं, आणि नेमक्या त्याच वेळी मुलं खेळायला बसतात. जाड मातीच्या धाब्याच्या जुन्या घरांना हा त्रास कमी होता. व्हिडिओ रेंडर करणं, मोठी अपडेट बसवणं, बॅकअप घेणं अशी लांब चालणारी कामं पहाटे लावून द्यावीत.

हवा किती मारायची याला मर्यादा आहे. उष्णता मुळात कमी तयार करणं त्याहून सोपं, आणि त्याला पैसेही लागत नाहीत. चिपचा विजेचा खर्च वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. शेवटचे थोडे मेगाहर्ट्झ मिळवायला चिप व्होल्टेज बरंच वाढवते, म्हणून ते महाग पडतात. व्होल्टेज फक्त १० टक्के उतरलं तरी त्याच वेगाला सुमारे १९ टक्के वीज वाचते. हे पदरात पाडून घ्यायचे दोन मार्ग आहेत. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेट ६० वर बांधून टाका. स्क्रीन ६० हर्ट्झची असताना ग्राफिक्स कार्ड १४० फ्रेम काढत बसलं, तर वरच्या फ्रेम दिसतही नाहीत, फक्त तापवतात. दुसरा मार्ग विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये आहे. तिथे प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की बहुतेक लॅपटॉपवर टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वर जाणारा जादा वेग, बंद होतो. एका टक्क्यानं तापमान दहा-पंधरा अंश उतरलेलं बघून दचकू नका. काही नव्या मॉडेलांत हा पर्याय लपवलेला असतो, तिथे कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला सायलेंट किंवा बॅलन्स्ड मोड लावावा.

मोबाईलचं थोडक्यात. बहुतेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेले असतात, आणि लिथियमची बॅटरी ४५ च्या वर गेली की फोन चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. चार्जर खराब झाला असं समजून नवा आणण्याआधी कव्हर काढून फोन फरशीवर ठेवून बघा. चार्जिंगला लावून खेळणं सगळ्यात वाईट, कारण तेव्हा बॅटरी आणि प्रोसेसर दोन्ही एकदम तापतात. भरलेली बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते, म्हणून उन्हाळ्यापुरती ८० टक्क्यांची मर्यादा लावून ठेवा. आणि तापलेला फोन फ्रीजमध्ये नको, आत दव धरतं.

टीव्ही हळूहळू मरतो, त्यामुळे उन्हाळ्यावर संशय जात नाही. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये डब्यासारखे उभे कपॅसिटर असतात, त्यांत द्रव असतो आणि तो उष्णतेनं आटत जातो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. १०५ अंशांना २,००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांना ३२,००० तास टिकतो, ७५ ला १६,०००. रोज सहा तास टीव्ही चालला आणि वर्षभर तेच तापमान राहिलं, तर हा फरक साडेचौदा वर्षं आणि सव्वासात वर्षं एवढा पडतो. सुरू होताना लुकलुकणं ही आटलेल्या कपॅसिटरची नेहमीची खूण, आणि उघडल्यावर त्याचं माथं फुगलेलं दिसतं. सुटा भाग फार स्वस्त असतो. अख्खा बोर्डच बदलावा लागेल असं कोणी सांगितलं, तर आधी कपॅसिटर तपासले का, हे विचारा. मात्र टीव्ही घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

पश्चिमेच्या भिंतीवर, लाकडी कोनाड्यात घट्ट बसवलेला टीव्ही लवकर जातो. मागे आणि वर चार इंच मोकळे सोडा. बॅकलाइट १०० वर असेल तर ६०-७० वर आणा. घरात चित्र तसंच दिसतं आणि मागचे एलईडी कमी तापतात. उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं त्याचाही हात असतो. टीव्हीला लागणारे वॉट तेच राहतात, म्हणून २३० चे १६० व्होल्ट झाले की प्रवाह जवळजवळ दीडपट होतो आणि तारा व जोडांमधली उष्णता दुप्पट. धोका उलट बाजूनंही आहे. न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटला तर एखाद्या घरात व्होल्टेज ४०० च्या दिशेनं चढतं. दिवे अचानक नेहमीपेक्षा लख्ख झाले, तर विचार न करता मेन स्विच पाडा.

गाडीत मात्र उष्णता आत कोंडली जाते. काचेतून ऊन आत येतं, सीट आणि डॅशबोर्ड तापतात, पण त्यांच्यापासून निघणारे लांब तरंगलांबीचे किरण काच बाहेर जाऊ देत नाही. बाहेर ४३ असताना तासाभरात आतली हवा ६० च्या वर जाते आणि डॅशबोर्ड ७५ च्या पुढे. यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासात होते, त्यामुळे "दहा मिनिटांत येतो" म्हणून मूल गाडीत ठेवून उतरणं जिवावर बेतू शकतं. पॉवर बँकही आत सोडू नये. टचस्क्रीन काळी पडली तर घाबरू नका, लिक्विड क्रिस्टल तापून दिशा विसरतात, गार झाल्यावर चित्र परत येतं. डॅशकॅम घ्यायचा तर लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला घ्या.

एसीनं फाटकापाशी दगा देण्याचं कारण असं. एसीचा गॅस उष्णता बाहेर टाकू शकतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्त तापला तरच. हवा ४५ ची असेल तर कंडेन्सरमध्ये (बंपरमागच्या ज्या जाळीतून ही उष्णता बाहेर पडते तिथे) तो ६०-६५ पर्यंत चढवावा लागतो आणि आर-१३४ए गॅसला तिथे २३० ते २६० पीएसआय दाब लागतो. गाडी उभी असताना समोरून वारा नाही, फक्त पंख्याची हवा. कंडेन्सरच्या जाळीत कापूस आणि माती भरलेली असली की दाब आणखी वाढतो. अशा वेळी "गॅस कमी झालाय" म्हणून वरून गॅस भरला तर दाब अजून चढतो आणि एसी आणखी बिघडतो. आधी बंपरच्या मागची जाळी कमी दाबाच्या पाण्यानं धुवा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्यानं पाती वाकतात. गॅस भरायचाच असेल तर आधीचा पूर्ण काढून, व्हॅक्यूम करून, वजनावर भरून घ्या. नेमके ग्रॅम बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले असतात.

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना इंजिनाची परीक्षा होते. कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे असेल आणि रेडिएटरचं झाकण १५ पीएसआय दाब धरत असेल, तर ते मिश्रण सुमारे १२९ अंशांना उकळतं. झाकणाचं रबर गेलं की दाब राहत नाही आणि तेच मिश्रण १०७-१०८ लाच उकळतं. नुसतं बोअरचं पाणी भरलं तर उकळबिंदू आणखी खाली येतो आणि आत क्षारांचा थर बसतो. तापमानाचा काटा चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करा. चालवणाऱ्याचे हाल होतात, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. काटा लाल रेषेला टेकला तर कडेला घेऊन इंजिन बंद करा आणि अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका.

बॅटरीत डिस्टिल्ड पाणीच घाला, प्लेटांच्या वर साधारण एक सेंटिमीटर. इंजिन रात्रभर बंद राहिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ च्या खाली म्हणजे लक्ष द्या. टायरची हवा सकाळी गाडी निघण्यापूर्वी तपासावी. ३३ पीएसआय असलेला टायर १० अंश तापला की दीड-पावणेदोन पीएसआय वाढतो. दुपारी सुरत-नागपूर महामार्गावरच्या पंपावर ३८ दिसले म्हणून हवा सोडली, तर रात्री तोच टायर कमी हवेवर धावतो. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, जास्त तापतो आणि बाजूनं फाटतो.