विशीतले घड्याळ उशिरा का चालते?

दरवर्षी निकालांच्या दिवसांत वर्तमानपत्रांतून यशस्वी विद्यार्थ्यांच्या मुलाखती येतात आणि त्यांत एक वाक्य हमखास असते: रोज चौदा-पंधरा तास अभ्यास केला, झोप चार तासांवर आणली. मी पुण्यातील एका महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. पहिली तासिका सकाळी ७ वाजून २० मिनिटांनी सुरू होते आणि ती वाक्ये प्रमाण मानून 'नाइट मारून' आलेली मुले माझ्यासमोर डोळे ताणून बसलेली असतात. त्यांना घरून एकच उपदेश मिळतो: लवकर निजावे, लवकर उठावे, पहाटे पाचचा गजर लावावा, चार दिवसांत सवय लागते. ज्यांना ती लागत नाही ते आळशी ठरतात आणि काही दिवसांनी स्वतःलाही तसेच मानू लागतात. विशीतल्या शरीराचे घड्याळ कसे चालते हे समजून घेतले, तर पाचचा गजर अनेकांच्या बाबतीत नेमका उलटा परिणाम करतो असे दिसते. या लेखाचे कारण तेच आहे.

झोप केव्हा येते हे दोन स्वतंत्र यंत्रणा मिळून ठरवतात, अशी मांडणी अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली आणि आजही झोपेचे शास्त्र तिच्यावर उभे आहे. पहिली यंत्रणा थकव्याच्या हिशोबाची. मेंदूतील पेशी दिवसभर ऊर्जा खर्च करतात, त्यातून अ‍ॅडिनोसिन हा पदार्थ साचत जातो, आणि तो पेशींवरील ठरावीक ग्राहींवर, म्हणजे रासायनिक निरोप टिपणाऱ्या जागांवर, जाऊन बसला की मेंदूचा वेग मंदावतो व झोपेचा दाब वाढतो. झोपेत हा साठा ओसरतो. चहा-कॉफीतील कॅफीन याच ग्राहींवर जाऊन बसते, पण त्यांना चालू करत नाही. एखाद्याने आपल्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवावा तसे ते केवळ जागा अडवते. अ‍ॅडिनोसिन मात्र साचतच राहते, त्यामुळे कॅफीनचा अंमल उतरताच थकवा एकदम कोसळतो. शरीरातील कॅफीन निम्मे व्हायला सरासरी पाच तास लागतात; रात्री दहाला घेतलेल्या कॉफीचा निम्मा अंश पहाटे तीनलाही रक्तात असतो.

दुसरी यंत्रणा म्हणजे जैविक घड्याळ, आणि माझा खरा जीव तिच्यात आहे. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर सुमारे वीस हजार चेतापेशींची एक जोडगोळी असते. शरीराचे तापमान, संप्रेरके, भूक, तरतरी या सर्वांना वेळ सांगणारे मुख्य घड्याळ ते हेच. प्रत्येक पेशीत ते कसे चालते हे उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. फळमाशीवर केलेल्या त्यांच्या कामाचे सार असे: 'पिरियड' नावाच्या जनुकाच्या आज्ञेवरून एक प्रथिन तयार होते, ते पुरेसे साचले की पेशीच्या केंद्रकात शिरून स्वतःच्याच जनुकाला बंद करते, मग त्या प्रथिनाचे हळूहळू विघटन होते, बंदी उठते आणि जनुक पुन्हा कामाला लागते. या एका फेरीला सुमारे चोवीस तास लागतात. माणसात हे चक्र सरासरी २४ तास आणि १०-११ मिनिटांचे भरते, म्हणजे बाहेरून दुरुस्ती झाली नाही तर ते रोज थोडे मागे पडते.

या घड्याळाला बाहेरच्या जगाचा आधार नसला तरी ते चालत राहते, हे दाखवणाऱ्या प्रयोगांत भारताचाही मोलाचा वाटा आहे. मदुराई कामराज विद्यापीठात प्रा. एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुहेत राहणाऱ्या वटवाघळांचा अभ्यास केला. गुहेच्या गडद अंधारात पिंजऱ्यात ठेवलेले वटवाघूळही आपल्या थव्याच्या जाण्या-येण्याच्या वेळेशी स्वतःचे घड्याळ जुळवून घेते, असे त्यांनी १९८१ मध्ये दाखवले. वटवाघळाला सोबत्यांची चाहूल पुरते. माणसाचे घड्याळ लावणारा सर्वांत प्रबळ हात मात्र प्रकाशाचा आहे.

आता वयाकडे येऊ. जर्मनी व स्वित्झर्लंडमधील सुमारे पंचवीस हजार लोकांच्या झोपेच्या वेळांची माहिती टिल रोनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केली. सुट्टीच्या दिवशी, म्हणजे कोणाचेही बंधन नसताना, माणूस केव्हा झोपतो हे त्यांनी पाहिले. लहान मुले लवकर झोपतात, किशोरवयात ही वेळ पुढे सरकत जाते, साधारण विसाव्या वर्षी ती सर्वांत उशिराची होते (मुलींत थोडी आधी, मुलांत थोडी नंतर) आणि तेथून पुन्हा अलीकडे येऊ लागते. म्हणजे महाविद्यालयाची वर्षे नेमकी त्या शिखरावर येतात. शिवाय, किशोरवयाच्या अखेरीस झोपेचा दाबही लहानपणापेक्षा संथपणे चढतो, त्यामुळे रात्री अकराला आईवडिलांचे डोळे मिटू लागतात तेव्हा त्याच घरातील एकोणीस वर्षांच्या मुलाला खरोखरच तरतरी वाटत असते. मोबाइल नसता तर हा फरक उरला नसता असे अनेकांना वाटते, पण तो घडवण्यात शरीराचा वाटा आहेच. मोबाइल आणि वसतिगृहातील ट्यूबलाइट त्यात भर घालतात, आणि ती कशी घालतात हे पाहण्यासारखे आहे.

आपल्या दृष्टिपटलावर शंकू आणि दंड या परिचित पेशींखेरीज तिसऱ्या प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशी असतात. त्या स्वतःच प्रकाश ओळखतात हे २००२ मध्ये स्पष्ट झाले. त्यांत मेलानोप्सिन हे रंगद्रव्य असते आणि सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळसर प्रकाशाला ते सर्वाधिक प्रतिसाद देते. या पेशींच्या नसा थेट त्या मुख्य घड्याळाकडे जातात. तेथे प्रकाशाचा निरोप पोचला की 'पिरियड' जनुक चेतवले जाते. निरोप एकच, पण त्याचा परिणाम तो कोणत्या घटकेला पोचला यावर ठरतो. ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

सस्तन प्राण्यांच्या मुख्य घड्याळात हे जनुक दिवसा जोरात चालते, संध्याकाळनंतर त्याचे काम उतरणीला लागते आणि पहाटेकडे पुन्हा चढू लागते. ते उतरणीवर असताना डोळ्यांवर प्रकाश पडला, तर खाली जाऊ पाहणारी पातळी पुन्हा वर उचलली जाते, उतरायला आणखी वेळ लागतो आणि संपूर्ण घड्याळ उशिराकडे ढकलले जाते. दुसऱ्या दिवशी झोप उशिरा येते. ते चढणीवर असताना तोच प्रकाश पडला, तर चढण लवकर पुरी होते आणि घड्याळ अलीकडे ओढले जाते. झोपाळा आपल्याकडे येत असताना त्याला ढकलले तर तो अडखळतो, दूर जात असताना ढकलले तर वेग घेतो; हात तोच, जोरही तोच, फरक फक्त क्षणाचा. या दोन प्रदेशांमधली सीमा ओळखण्याची एक खूण आहे. रात्री शरीराचे तापमान अर्ध्या-एक अंशाने उतरते आणि आपोआप जाग येण्याच्या वेळेपूर्वी साधारण दोन ते तीन तास ते सर्वांत खाली असते. या क्षणाला आपण तळबिंदू म्हणू. तळबिंदूच्या आधीच्या काही तासांतील प्रकाश घड्याळ उशिराकडे ढकलतो, नंतरच्या काही तासांतील प्रकाश ते अलीकडे आणतो, आणि तळबिंदूच्या जितके जवळ तितका धक्का मोठा.

आता पाचचा गजर लावणाऱ्या विद्यार्थ्याचा हिशोब करून पाहू. ज्याला मुक्तपणे झोपू दिले तर सकाळी सातला जाग येते, त्याचा तळबिंदू साडेचारच्या आसपास असतो. तो पाचला उठून दिवा लावून बसला, तर तो प्रकाश त्याचे घड्याळ थोडे अलीकडेच आणेल. पण जो महिनाभर रात्री दोनला झोपतो आहे आणि रविवारी ज्याला दहाला जाग येते, त्याचा तळबिंदू सकाळी साडेसातच्या आसपास असतो. त्याच्या शरीराच्या दृष्टीने पहाटेचे पाच म्हणजे अजून मध्यरात्रच. त्या वेळी टेबलावरचा दिवा लावून तो अभ्यासाला बसला, की तो प्रकाश उतरणीच्या प्रदेशात पडतो आणि घड्याळ आणखी उशिराकडे सरकते. पहिल्या रात्री थकव्याच्या दाबामुळे त्याला लवकर झोप लागेलही, आणि संकल्प सिद्धीस गेल्यासारखे वाटेल. आठवड्याअखेर मात्र तो पूर्वीपेक्षा उशिरा झोपू लागतो आणि दोष आपल्या इच्छाशक्तीला देतो.

यात आपल्या भूगोलाचीही भर पडते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे आणि पुणे साधारण ७३.९ अंशांवर आहे. दर अंशाला चार मिनिटे धरली, तर पुण्याचा सूर्य घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटे मागे चालतो. मुंबईत हे अंतर आणखी थोडे वाढते. जानेवारीत पुण्यात सूर्योदय सात वाजून गेल्यावर होतो. पावणेसातला दुचाकी काढणारा विद्यार्थी संधिप्रकाशात निघतो, ट्यूबलाइटच्या वर्गात शिरतो आणि ज्या तासांतील ऊन त्याच्या घड्याळाला सर्वाधिक उपयोगी असते ते छताखाली घालवतो. खोलीतील ट्यूबलाइटचा प्रकाश दोन-तीनशे लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) असतो, मोकळ्या मैदानावर ढगाळ दिवशीही तो काही हजार लक्स असतो आणि भर उन्हात एक लाखाच्या घरात जातो. केनेथ राइट यांनी कोलोरॅडोच्या डोंगरांत आठ जणांना आठवडाभर तंबूत, विजेच्या दिव्यांशिवाय ठेवले, तेव्हा त्यांची घड्याळे सुमारे दोन तासांनी अलीकडे आली. आठ जणांचा प्रयोग लहानच म्हणायचा, पण त्याची दिशा वर सांगितलेल्या यंत्रणेशी चोख जुळते.

येथे वसतिगृहांतील एका समजाविषयी बोलणे मला आवश्यक वाटते. उत्तरेकडे डोके करून झोपल्यास पृथ्वीचे चुंबकत्व रक्तातील लोह ओढते आणि झोप बिघडते, असे विज्ञानाच्या भाषेत सांगणारे संदेश सतत फिरत असतात आणि मुले त्यावरून खाटांची दिशा बदलतात. हिमोग्लोबिनमधील लोह खिळ्यातील लोखंडासारखे चुंबकाला चिकटत नाही. एमआरआय यंत्राचे १.५ टेस्ला इतके चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा तीस हजारांहून अधिक पटींनी प्रबळ असते आणि त्यातही रुग्णाचे रक्त डोक्याकडे धावत नाही. खाट जरूर फिरवावी, पण ती सकाळचे ऊन अंगावर येईल अशी. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांचा बाजारही याच पठडीतला आहे. वैद्यकीय संशोधन पडताळून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये घेतलेल्या आढाव्यात या चष्म्यांनी झोप सुधारते असे ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा आढळला नाही.

अभ्यासासाठी झोप मोडणाऱ्यांना एक निरीक्षण ठाऊक असावे. अमेरिकेतील एमआयटीत रसायनशास्त्राच्या एका वर्गातील सुमारे शंभर विद्यार्थ्यांच्या मनगटांवर सत्रभर झोप मोजणारे पट्टे बांधले होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गुणांमधील तफावतीच्या जवळपास २५ टक्के भागाचा संबंध झोपेचा कालावधी, दर्जा आणि नियमितपणा यांच्याशी आढळला. परीक्षेच्या आदल्या एका रात्रीच्या झोपेचा मात्र गुणांशी संबंध दिसला नाही. हा कार्यकारणाचा पुरावा नव्हे, परंतु दिवसा शिकलेले गाढ झोपेत मेंदू पुन्हा उजळतो हे १९९४ पासून उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागात, प्रत्यक्ष नोंदवले गेले आहे. आणि जो नाइट मारून सकाळी दुचाकीवर बसतो त्याच्यासाठी: सलग सतरा तास जागल्यावर हात व लक्ष यांचे कौशल्य रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतके ढासळते, असे १९९७ मध्ये मोजले गेले. आपल्याकडे वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे.

पीएल, म्हणजे परीक्षेपूर्वीची अभ्यासाची सुट्टी, सुरू होते तेव्हा माझे विद्यार्थी विचारतात की साडेनऊच्या पेपरासाठी घड्याळ कसे वळवावे. दहाला जाग येत असेल तर पहिल्या दिवशी साडेनऊला उठावे आणि लगेच गच्चीवर किंवा मैदानावर जाऊन अर्धा तास उघड्या प्रकाशात काढावा. पुस्तक सोबत नेले तरी चालेल. रात्री झोपण्यापूर्वीचे दोन-तीन तास छताचा दिवा बंद ठेवून फक्त पानापुरता मंद, पिवळसर दिवा वापरावा. संध्याकाळनंतर टपरीवरचा कटिंगही टाळावा. दर दोन दिवसांनी गजर अर्ध्या तासाने अलीकडे आणावा, रविवारीही तो बदलू नये. सातपर्यंत पोचायला असे सहा टप्पे, म्हणजे बारा दिवस लागतात. इतक्या सावकाशीचे कारण असे की प्रत्येक टप्प्यासोबत तळबिंदूही अर्ध्या तासाने अलीकडे सरकलेला असावा लागतो. तरच पुढच्या सकाळचा आणखी लवकरचा प्रकाश त्याच्या नंतर, चढणीच्या बाजूला पडतो.