सीता अशोक : पुणे परिसरात झाडाच्या आरोग्याला असलेले धोके

सीता अशोक (शास्त्रीय नाव साराका असोका) हे शेंगा धरणाऱ्या कुळातलं, बेताच्या उंचीचं, सदाहरित आणि फार सावकाश वाढणारं झाड. पुण्यात तुरळकच दिसतं. सोसायटीच्या कंपाउंडला लागून खांबासारखी सरळ उभी असतात ती झाडं म्हणजे हा अशोक नव्हे, ती आसुपालवाची, म्हणजे सीताफळाच्या कुळातली, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ही गल्लत नुसती नावाची असती तर सोडून देता आली असती, पण सालीच्या भेसळीपासून नर्सरीतल्या रोपापर्यंत ती पुढेही आड येते, म्हणून आधी नावाचं बघू.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं 1767 मधे साराका इंडिका हे नाव दिलं आणि आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत, आयुर्वेदाच्या यादीत, बागांच्या पाट्यांवर तेच वर्षानुवर्षं चाललं. अडचण अशी की त्या नावामागचा मूळ नमुना जावाकडचा. भारतातल्या झाडाला रॉक्सबर्ग या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञानं 1795 च्या सुमारास जोनेसिया असोका म्हटलं होतं, संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्सच्या आठवणीत. 1960 च्या दशकाच्या शेवटी डी वाइल्ड या डच अभ्यासकानं दोन्ही जाती वेगळ्या आहेत हे मांडलं आणि भारत-श्रीलंकेतल्या झाडाला साराका असोका हे नाव पक्कं झालं. नावापुढे डी वाइल्डला श्रेय द्यायचं की आधीच्या विल्डेनॉव या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाला, यावर अजून दोन्ही पद्धती दिसतात, अलीकडचा कल विल्डेनॉवकडे. जुन्या पाटीवर इंडिका दिसलं तरी पुण्यात ते झाड बहुतेक वेळा असोकाच असतं.

रामायणातली अशोकवाटिका याच झाडांची होती का, हा वेगळा वाद. संस्कृतात अशोक हा शब्द एकापेक्षा जास्त झाडांना लावला जात असावा असं काहींचं मत आहे. पण लालभडक फुलं, तांबूस लोंबती पालवी ही वर्णनं बघितली तर सीता अशोकाचं पारडं जड वाटतं, शिवाय झाड श्रीलंकेत मूळचंच आहे. मध्य प्रदेशातल्या भारहूत स्तूपाच्या शिल्पांतल्या (साधारण इ.स.पू. 2ऱ्या ते 1ल्या शतकातल्या) यक्षीजवळचं झाडही काही जण अशोकच मानतात. सुंदर स्त्रीच्या पायाचा स्पर्श झाला की अशोक फुलतो असा काव्यातला संकेत आहे. पुण्यात उलटं होतं, बुडाशी जितके पाय पडतील तितकं झाड खंगतं, कारण माती दबते आणि मुळांना हवा मिळत नाही.

झाडाचं मूळ घर म्हणजे सह्याद्रीतले आणि कोकणातले ओढ्याकाठचे सावलीचे, दमट पट्टे, जिथे पाऊस 2500 मिमीच्या वर सहज जातो. पुण्यात वर्षाला 700 ते 750 मिमी, एप्रिलमधे पारा 38-40 ला आणि दुपारची हवा कोरडीठाक. ऐन तेव्हाच, फेब्रुवारी ते मे, झाड फुलोऱ्यात असतं आणि नवी पालवी काढत असतं. ती पालवी मुळातच मऊ, तांबूस आणि खाली लोंबणारी असते, नवखा माळी बघतो आणि झाड सुकलं म्हणून पाइप लावून बसतो, आणि निचरा नसलेल्या काळ्या मातीत रोज असं पाणी तुंबलं की मुळं कुजतात. खरा ताण वेगळा दिसतो, जुन्या पानांचे शेंडे आणि कडा करपतात. बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर करप जास्त.

दुसरं दुखणं म्हणजे पिवळी पानं. पुण्याची जमीन बसाल्टची, बऱ्याच ठिकाणी चुनखडीयुक्त, त्यात नव्या बिल्डिंगच्या आवारात झाडं लावतात ती निम्मी मातीत आणि निम्मी राडारोड्यात. सिमेंटनं मातीचा सामू (पीएच) चढतो, लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही, आणि नव्या पानांवर शिरा हिरव्या आणि मधला भाग फिका असं चित्र दिसतं. लोक युरिया टाकतात, त्यानं हे दुखणं हटत नाही. चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपातलं), शेणखत आणि बुडाशी पालापाचोळ्याचा जाड थर, एवढ्यानं बरंच सुधारतं. आळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आणले असतील तर मात्र आधी ते उचलायचे. बुंध्याभोवती 1 मीटर जागा मोकळी ठेवा असा आदेश राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीतल्या झाडांसाठी 2013 मधे दिला होता, सीता अशोकाला तेवढी तर हवीच. केबल किंवा ड्रेनेजसाठी जेसीबीनं चर खणताना मुळं तुटतात त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, एक-दोन उन्हाळ्यांनी एक बाजू वाळायला लागते आणि तोवर चर कोणाच्या लक्षातही नसतो.

सालीसाठी होणारी तोड हा जंगलातला सगळ्यात मोठा धोका. अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधासाठी सालीला प्रचंड मागणी, झाड सावकाश वाढणारं, म्हणून तोड भरून निघत नाही. 1998 पासून ही जात धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत असुरक्षित गटात आहे. बाजारात आसुपालवाची साल अशोकाची म्हणून खपवणं जुनंच आहे, आणि यात गंमत अशी की भेसळीमुळे थोडी खरी झाडं वाचत असतील, औषध घेणाऱ्याचं काय ते वेगळं. शहरात देवळाच्या किंवा बागेच्या आवारात घरगुती औषधासाठी कोणीतरी साल ओरबाडून नेतं. उभी अरुंद पट्टी निघाली तर झाड जखम हळूहळू भरून काढतं, पण सालीचं पूर्ण कडं निघालं की पानांतलं अन्न मुळांपर्यंत जात नाही आणि झाड उपाशी मरतं. वरून वर्षभर हिरवं दिसू शकतं. दिव्यांच्या माळा आणि ट्री गार्डची रुतलेली लोखंडी कडी हेच काम सावकाश करतात.

कीड-रोग त्या मानानं किरकोळ. पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि त्यांच्या चिकट द्रावावर वाढणारी काजळी, पावसाळ्यात कोलेटोट्रायकम बुरशीचे पानांवरचे ठिपके. निंबोळी तेल आणि छाटणी पुरते. बुंध्याशी छत्रीसारखी कडक बुरशी दिसली तर मात्र आतलं लाकूड कुजलेलं असतं.

1975 च्या महाराष्ट्रातल्या वृक्ष कायद्यात 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज दर्जा मिळाला. सीता अशोकाचा घेर वयाच्या मानानं लहान असतो, त्यामुळे पन्नाशीतलं झाडही पोरसवदा दिसतं आणि सर्वेक्षणात सहज निसटू शकतं.

नवी लागवड करायची तर बी ताजंच लागतं. सुकलं की रुजण्याची ताकद झपाट्यानं जाते, म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला शेंग तडकली की लगेच पेरायचं. फुलं यायला त्यानंतर साधारण 6 ते 8 वर्षं. नर्सरीत रोप घेताना पान बघून घ्यावं, एका देठावर समोरासमोर पर्णिकांच्या (छोट्या पानांच्या) जोड्या असतील तर सीता अशोक, कडा लाटांसारख्या असलेलं एकेकटं लांब पान असेल तर आसुपालव.