उसाचं बिल कुणाच्या खात्यावर?

घरात पैसा आला म्हणजे घरातल्या बाईकडेही आला, असं आपण सहज धरून चालतो. गरिबीची मोजणीही तेच धरून चालते. अख्ख्या घराचा खर्च विचारायचा आणि माणसांच्या संख्येने भागायचं. ग्रामीण भारताचा 2023-24 चा दरडोई मासिक खर्च 4,122 रुपये निघाला, तो असाच. कागदावर सासू, सून, कर्ता मुलगा यांना सारखाच वाटा. बागायतदाराच्या घरातली बाई कफल्लक असू शकते, हे या भागाकारात दिसत नाही. नवरा वारला किंवा त्याने टाकलं की ते लगेच दिसतं. मग लोक तिला 'पांढऱ्या पायाची' ठरवून मोकळे होतात. तिच्या पायात काही नाही. कारण सातबाऱ्यावर आहे.

करवीर किंवा शिरोळ तालुक्यातला एक एकर ऊस घ्या. भांगलणीला, म्हणजे तण काढायला, वाकलेल्या बहुतेक बायकाच असतात. निगा चांगली असेल तर एकरी 40 टन निघतो. 2025-26 ची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये, म्हणजे तोडणी-वाहतूक कापण्याआधी 1,42,000 रुपये. कारखान्याकडे उसाची नोंद ज्याच्या नावावर, बिल त्याच्या खात्यावर. सेवा सोसायटी पीककर्ज देते ते सातबारा आणि आठ-अ बघून. कर्ज उसाच्या बिलातून वळतं झालं की पत वाढते, तीही त्याचीच. कारखान्याचा शेअर, सभेतलं मत, सवलतीची साखर, पीएम-किसानचे वर्षाचे 6,000 रुपये, सगळं त्या एका नावामागे जातं. तिच्या भांगलणीची नोंद यातल्या कुठल्याच कागदावर होत नाही, आणि दर हंगामाला दोघांतलं अंतर वाढत जातं. 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या वहिती (प्रत्यक्ष कसल्या जाणाऱ्या जमिनीच्या) खात्यांपैकी जेमतेम 14 टक्के खाती बायकांची होती.

वेगळं काम धरून स्वतःचं कमवावं, तर वेळ नाही. 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी 289 मिनिटं गेली, घरकाम करणाऱ्या पुरुषांची 88.

मालमत्तेने फरक पडतो का? प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल या अर्थतज्ज्ञांनी केरळातल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात विवाहित बायकांची पाहणी केली. जमीन किंवा घर नावावर नसलेल्यांपैकी 49 टक्के बायकांनी नवऱ्याची मारहाण सोसली होती. दोन्ही नावावर असलेल्यांपैकी 7 टक्के. पाहणीवरून कार्यकारण पक्कं ठरत नाही, पण जिला बाहेर पडून राहायला जागा आहे तिच्याशी घर जपून वागतं, हे पटण्यासारखं आहे. उलट, छोट्या कर्जांनी बायकांचं आयुष्य पालटतं हा गाजावाजा हैदराबादच्या 104 वस्त्यांतल्या प्रयोगात टिकला नाही. कर्ज मिळालं, पण घरातल्या निर्णयांत बायकांचं वजन वाढल्याचं दिसलं नाही.

हिंदू वारसा कायद्याने वडिलार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क 9 सप्टेंबर 2005 पासून आहे. वडील त्या दिवशी हयात नसले तरी तो मिळतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी सांगितलं. मग नाव गळतं कुठे? मुख्यतः तीन ठिकाणी. तलाठ्याकडच्या वारस अर्जात मुलींची नावंच लिहिली जात नाहीत. नाहीतर ती सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात टाकली जातात, आणि सोसायटी बघते कब्जेदाराचा रकाना. तिसरं, वडिलांचं दिवसकार्य आटोपतं न आटोपतं तोच पुढे येणारं हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा भावांना सोडल्याचा कागद. सही नाही केली तर माहेर तुटेल, या धास्तीने बहिणी सही करतात.

पहिल्या दोन चुका दुरुस्त होतात. फेरफाराची नोटीस निघाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घ्यायची आणि पोच घ्यायची. नोंद मंजूर झालीच तर 60 दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करायचं. तोंडी 'सोडला हक्क' म्हटल्याने हक्क जात नाही. पण दुय्यम निबंधकांसमोर नोंदवलेलं हक्कसोडपत्र फिरवायला दिवाणी दावाच लावावा लागतो, आणि त्यात फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध करण्याचं ओझं बहिणीवर येतं.